आण्णांनी प्यालेलं पाणी

सुभेदार गुंडू आण्णा गेल्याची बातमी मला मोबाइलवर समजली. निपाणीतलं माझं फोटोचं दुकान नुकतंच उघडलं होतं आणि मी कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर कापत बसलो होतो. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, शोभाचा मेसेज आला. पहाटे झोपेतच गेले, दुपारी बाराला नेणार... आणि खाली जोडलेल्या हातांची चित्रं. मी कात्री ठेवली, शटर ओढलं आणि स्टँडवर गेलो. बेळगावची बस लगेच मिळाली, खिडकीही मिळाली. वाटेत रडू वगैरे काही आलं नाही. ऐंशीच्या घरातला माणूस झोपेत जातो, याहून चांगलं मरण मागून मिळत नाही, असं मी स्वतःला बजावत होतो आणि ते खरंही होतं. एकच गोष्ट डोक्यातून जाईना. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या दारात मयताचे सांगावे नेले, त्याचा स्वतःचा सांगावा यावा तो असा खिशात टुंग वाजून... आणि मोबाइलला पाणी विचारायचीही सोय नाही.

हे पाण्याचं आधी नीट सांगायला हवं, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आमच्या सीमाभागातल्या गावांत मयताचा निरोप सांगायला आलेला माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहतो, बसा म्हटलं तरी बसत नाही, सांगायचं ते सांगतो आणि आल्या पावली परत फिरतो. त्यामुळं एरवी दारात पाहुणा आला, की बाया त्याच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघतात. गूळ-पाणी पुढं केलं आणि त्यानं तांब्या तोंडाला लावला, की घराचा जीव खाली पडतो. मग कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न ठरलं, काय ते सावकाश ऐकलं जातं. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. मोडला तो एकदाच, आणि तो आण्णांनी मोडला.

आण्णा पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि बेळगावात टिळकवाडीला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आले. गडी उंच, मिशा राखलेल्या, बोलणं कमी आणि ते बोलणंही हुकूम दिल्यासारखं. त्यांना मराठी येत होतं, कानडी येत होतं, आणि खानापूरपासून कागलपर्यंतच्या गावांची रीतभात ठाऊक होती. त्यामुळं काश्मीरकडून नाही तर ईशान्येकडून एखाद्या जवानाची पेटी निघाली, की लष्कराच्या कॅम्पातून आण्णांना बोलावणं यायचं. घरच्यांना आधी जाऊन सांगायचं काम त्यांचं. त्यांची पद्धत ठरलेली होती. जीप गावाबाहेर देवळापाशी थांबवायची, साहेबांना सावलीत बसवायचं आणि साध्या शर्ट-पायजम्यात एकट्यानं चालत जायचं. “वर्दी बघितली की बाई सांगायच्या आधीच पडती,” ते म्हणायचे. “तिला सांगायचं तरी धड सांगूया की.” ज्या काळाला धड लढाई म्हणून नावही मिळालं नाही असा तो काळ होता. कुठं ठाण्यावर हल्ला, कुठं गस्तीवर गोळीबार, पेपरात आतल्या पानावर चार ओळी. त्या चार ओळी घेऊन आण्णा उन्हातान्हात बांधावरनं चालत जायचे.

याचा परिणाम असा झाला की, पंचक्रोशीत ज्यांची ज्यांची पोरं फौजेत होती त्या घरांत आण्णांची धास्ती बसली. खानापूरकडं एका लग्नाला गेले, तर नवऱ्या मुलाची आई मांडवाच्या दारात त्यांना बघून होती तिथंच मटकन बसली. तिचा धाकटा सीमेवर होता. आण्णांनी लांबूनच आवाज दिला, “ए, पानी आना रं आधी, घसा वाळलाय.” मांडवात सगळे हसले, ती बाईही हसली, मग रडली, आणि तिनं स्वतःच्या हातानं आण्णांना पाणी दिलं. तेव्हापासून त्यांना सवयच लागली. कुठल्याही दारात गेले की रामराम नंतर, आधी पाणी. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हाही तसंच झालं. मला वाटलं होतं, म्हातारा तहानलेला दिसतो. म्हातारा म्हणजे तेव्हा पन्नाशीचे असतील, पण मी तिशीतला होतो आणि मला सगळेच म्हातारे वाटायचे.

ते आले होते एक फोटो मोठा करून घ्यायला. भरतीच्या वेळचा, पासपोर्ट आकाराचा, कान बाहेर आलेला, नाकाखाली मिशीची नुसती सावली असलेला पोरगा. माझा धंदाच तो, मी काही विचारलं नाही. मोठा केला, मागं तिरंगा घातला, वर ‘अमर रहे’ लिहिलं, चंदनाचा हार घातला आणि दिला. आण्णांनी तो बघितला आणि काउंटरवर पालथा ठेवला. “हार काढ,” म्हणाले. “अक्षरं काढ. मागचं सगळं काढ. नुसता पोरगा ठेव.” मी म्हणालो, आण्णा, मग हा जिवंत माणसाचा फोटो वाटेल. ते म्हणाले, “व्हय. तसाच पायजे तिला.” एवढं बोलून बाहेर जाऊन उभे राहिले. पुढं त्यांना गावाला सोडायला माझी मोटारसायकल कामी आली, आणि वाटेत कोगनोळीला चहा पिताना त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांनी इतकं सलग बोललेलं मी नंतर कधी ऐकलं नाही.

गाव कोगनोळीच्या नाक्यापलीकडचं, म्हणजे नकाशानं महाराष्ट्रातलं. नाव देत नाही, कारण म्हातारी अजून आहे. तिचं नाव तायाक्का. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा मारुती, आणि दिराचा मुलगा भरमा शेती बघायचा. वैशाखातले दिवस होते. आण्णा नेहमीप्रमाणे जीप मागं ठेवून चालत गेले. तायाक्का अंगणात मिरच्या वाळत घालत होती. ह्यांची चाल बघूनच तिनं ओळखलं. “मारुतीच्या पलटनीतलं व्हय तुमी?” ती म्हणाली. “या, या. बसा. ऊन काय मी म्हनतंय.” आणि आण्णा तोंड उघडायच्या आत ती आत गेली, गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली. तिच्या तोंडावर लेकाकडचं माणूस आल्याचा आनंद होता. आण्णांनी सांगायला तोंड उघडलं... आणि आवाज निघेना. जीभ टाळूला चिकटलेली. पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. या आधी किती दारांत उभे राहिले होते, पण असं कधी झालं नव्हतं. बोलता यावं म्हणून, एवढ्याचसाठी, त्यांनी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि घटाघटा प्याले. मग सांगितलं.

तायाक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग रिकाम्या तांब्यात बघितलं. “पानी प्यालासा की,” ती म्हणाली. “सांगाव्याचा मानूस कवा पानी पितो व्हय? तुमची कायतरी चूक झालिया. मारुती नावाची काय थोडी पोरं हायत.” आण्णांनी हात जोडले, पलटणीचा नंबर सांगितला, बापाचं नाव सांगितलं. ती ऐकेना. तिच्या बोलण्यात वेडेपणा नव्हता, भांडणही नव्हतं. हिशेबात चूक काढावी तशी ती बोलत होती, आणि आपल्या रीतीप्रमाणे बघितलं तर तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पेटी आली. पेटी उघडायची नाही असं वरून सांगणं होतं, आणि का ते आण्णांना माहीत होतं. सगळं गाव रडत होतं. तायाक्का पेटीजवळ बसली, पेटीवरनं हात फिरवला, हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाली, “कुनाचं लेकरू हाय कुनास ठाव. त्येच्या आईला कळवा रं कुनीतरी.” आण्णा मला म्हणाले, तोफा ऐकल्या, माणसं मरताना ऐकली, पण हे एक वाक्य कानातून जात नाही. मग त्यांनी चहाचे पैसे दिले आणि आम्ही पुढं निघालो.

वर्षभरात तिनंच त्यांना बोलावणं धाडलं, गावच्या म्हाईला या म्हणून. म्हाई म्हणजे गावदेवीची जत्रा. घरोघर मटण, पाहुण्यांची ही गर्दी. आण्णा न जाते तर बरं झालं असतं, असं मी एकदा म्हणालो होतो. त्यावर ते म्हणाले, बोलावल्यावर न जाणं म्हणजे पण सांगावाच झाला की. ते गेले. तायाक्का तांब्या घेऊन दारात उभी. त्यांनी तांब्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. नको म्हणावं तर मारुती तिथंच, तिच्या पुढ्यात मरणार... प्याले. मग पुढं दरसाल म्हाईला जाणं आणि पाणी पिणं हे नेमाचं झालं. ते बेळगावहून बसनं निपाणीला यायचे, दुकानात पाणी मागायचे, आणि मग मी त्यांना गाडीवर बसवून न्यायचो. मागं बसून दरवर्षी एकच वाक्य, “यंदा पानी घेत न्हाय मी. यंदा सांगून टाकतो.” आणि दरवर्षी पाणी पिऊनच परत.

मला या प्रकाराचा राग यायचा, हे लपवत नाही. मी सरळ माणूस आहे, मेलेल्याला हार घालतो आणि मोकळा होतो. एका म्हाईच्या वेळी मटण जेवून आम्ही बांधावर हात धुवत होतो, तेव्हा मी म्हणालो, आण्णा, किती वर्षं हे सोंग? एकदा घट्ट होऊन सांगा की. आण्णा म्हणाले, “मी सांगितलंय रं. पैल्या दिवशीच सांगितलंय. आता परत सांगायचं म्हंजे तिच्या म्होरं तांब्या पालथा घालायचा. तुला जमतंय काय बघ.” मी म्हणालो, मग राहू दे तसंच, तिचं काय बिघडतंय, सुखात आहे म्हातारी. त्यावर ते माझ्याकडं वळले. “तिचं न्हाय बिघडत,” म्हणाले. “त्या पोराचं बिघडतंय. बाविशीचं पोर गेलं. सरकारनं सलामी दिली, गावानं कमान बांधली, मंत्री येऊन गेला. पर आई रडली न्हाय त्येच्यासाठी. एक थेंब न्हाय. मी पानी प्यालो म्हनून.” मरायच्या आधी एकदा तायाक्काच्या दारात पाणी नको म्हणायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाची उरली होती. काशी-रामेश्वर, नातवंडांची लग्नं, यातलं काही ते बोलायचे नाहीत.

तायाक्काला खरोखर कळत नव्हतं का, हे मला आजही सांगता यायचं नाही. ती बाकी सगळ्या व्यवहारात चोख. दूध किती निघालं, उसाला तोड कधी येणार, भरमाची बायको कुठं चुकते, सगळं डोक्यात. फक्त सरकारी कागदावर अंगठा द्यायला तिनं नकार दिला, तो कायमचा. सुरुवातीची काही वर्षं ती आण्णांना म्हणायची, बेळगावकडं चांगली पोरगी असली तर मारुतीसाठी बघून ठेवा. पुढं ते थांबलं. एकदा तर भरमाबरोबर ती माझ्या दुकानात आली. भिंतीवरचा तोच मोठा फोटो पदराखाली धरून आणलेला. म्हणाली, “ह्यो लई ल्हान पोराचा फोटू झाला. त्येचं वय वाढलं न्हवं? काम्पुटरवर केस पांढरं करता येत्यात म्हनं.” भरमा खाली बघत होता. मी म्हणालो, करता येतात. ती माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि सांगत गेली. कानशिलावर पांढरं कर, पुढचं जरा इरळ कर, त्येच्या बापाचं असंच इरळ हुतं. गाल भर थोडं, पलटनीत खायाला चांगलं असतंय. डोळं तसंच ठेव, डोळ्याला हात लावू नको... मी करत गेलो. माझ्या हाताखालून आजवर शेकडो चेहरे गेले, त्यांच्या सुरकुत्या काढायलाच लोक येतात. सुरकुत्या घालून मागणारी ही एकटीच. झालं तेव्हा पडद्यावर पन्नाशीचा एक भला गृहस्थ होता. तिनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “दमल्यासारखा दिसतोय.”

तो फोटो पुढच्या म्हाईला आण्णांनी बघितला. जुना काढून तिथं हा लावलेला. आण्णा चपला काढून फोटोखाली उभे राहिले. “सुभेदार झाला असता,” ते हळूच म्हणाले. मग घरच्यांना बरं वाटावं म्हणून जरा मोठ्यानं, चांगला आलाय म्हणाले, आणि पाणी प्याले. जेवले मात्र नाहीत. पोटाचं निमित्त सांगितलं. परतताना कोगनोळीला नेहमीच्या हॉटेलात मी गाडी लावली, तर म्हणाले, नको, चल. निपाणी स्टँडवर मी त्यांना बसमध्ये बसवलं.

एकदाच नेम मोडायची वेळ आली होती, कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी. म्हाई रद्द झाली होती आणि नाक्यावर तपासणीचा अहवाल असल्याशिवाय पलीकडून अलीकडं सोडत नव्हते. मला आपलं वाटलं, बरं झालं, देवानंच सोडवलं. पण भरमाचा फोन आला. म्हाईचा दिवस टळून गेला आणि आण्णा आले नाहीत, तशी तायाक्का अन्नाला शिवेना. “कोन पानी प्यायला आलं न्हाय,” एवढंच बोलती म्हणे. आण्णांना कळवलं, तर ते सत्तरी ओलांडलेले, छातीचं दुखणं असलेले, दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीनं निपाणीत हजर. आम्ही नाक्यावर गेलो. पलीकडून भरमा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत म्हातारीला घोंगडं घालून घेऊन आला. मध्ये लोखंडी कठडे आणि पोलीस. एक तरुण हवालदार कानडीत आमच्यावर ओरडायला लागला, मागं सरा म्हणून. आण्णा त्याच्यासमोर ताठ उभे राहिले. “नीर कुडदु बर्तेनि, अष्ट,” म्हणाले. पाणी पिऊन येतो, एवढंच. मग त्यांनी त्याला थोडक्यात सांगितलं, की पोरगा लष्करातला आहे आणि ही त्याची आई. काय कळलं त्या हवालदाराला देव जाणे. त्यानं आमच्याकडं पाठ केली आणि समोरच्या ट्रकचे कागद बघू लागला. तायाक्कानं कठड्यावरून तांब्या पुढं केला. ज्या दिवसांत पोटची पोरं बापाच्या हातचं घेत नव्हती, त्या दिवसांत आण्णांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि तो तांब्या रिकामा केला. म्हातारी ट्रॉलीत परत चढली. भरमानं नंतर सांगितलं, घरी जाऊन भाकरी खाल्ली.

आमची शेवटची भेट टिळकवाडीतच झाली. मी लग्नाच्या कार्डांच्या कामासाठी बेळगावात गेलो होतो, सहज डोकावलो. त्या दिवसांत सीमेवर पुन्हा तापलं होतं आणि टीव्हीवर दिवसभर ओरडाआरडा चालू होता. शेजारचे चार निवृत्त लोक आण्णांच्याच खोलीत, कारण टीव्ही मोठा, पुढं चिवडा घेऊन बसले होते आणि बसल्या जागी युद्ध जिंकत होते. आत घुसायला पाहिजे, एकदाचा निकाल लावायला पाहिजे, वगैरे. आण्णा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले. मला वाटलं झोपलेत. जरा वेळानं डोळे न उघडता म्हणाले, “लावा की निकाल. सांगावा घेऊन कोन जानार, तेवढं फक्त आधी ठरवा.” एक गृहस्थ म्हणाले, तसं नव्हे हो सुभेदार... पण पुढं त्यांना सांगता आलं नाही, आणि थोड्याच वेळात ते लोक उठून गेले. मी निघताना आण्णा दारापर्यंत आले. “औंदा म्हाईला सांगतोच,” म्हणाले. मी नेहमीसारखं बरं म्हटलं आणि गाडीला किक मारली.

तर ते राहूनच गेलं. तेरावा झाला. तायाक्काला कुणी सांगितलं नव्हतं. मी भरमाला फोन केला, तर तो म्हणाला, “आमच्याच्यानं हुयाचं न्हाय. तुमीच या.” म्हणजे आता सांगाव्याचा माणूस मी. एकट्यानं गाडी चालवत गेलो, आणि वाटेत एक मात्र पक्कं ठरवलं, की रीतीप्रमाणं वागायचं. आण्णांच्या बाबतीत तरी हा सांगावा बिनचूक पोचला पाहिजे. गाडी मी त्यांच्यासारखीच देवळापाशी लावली आणि चालत गेलो.

तायाक्का सोप्यात बसली होती. आता दिसतं कमी, ओळखते ती पावलावरनं नाही तर आवाजावरनं. “फोटोवाला व्हय?” म्हणाली. “आन आण्णा? मागनं येत्यात?” मी अंगणातच उभा राहिलो. ती भिंतीला धरून उठली. भरमाच्या बायकोला हाक मारून चाललं असतं, पण हे पाणी ती दुसऱ्या कुणाला आणू देत नाही. आतून तांब्या घेऊन आली, थोडं सांडलं, आणि उंबऱ्यातून हात पुढं केला. मी म्हणालो, “नको, आक्का.” हात तसाच राहिला. “का नको?” “तसंच हाय,” मी म्हणालो.

तिनं विचारलं, “माझा मारुती गेला?”

एसटी गेली काय, असं विचारावं तशा आवाजात विचारलं. इतक्या वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. भरमा गोठ्याच्या दारात होता, तो होता तिथंच थांबला. मला फक्त व्हय म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते. आण्णांना जन्मभर जे जमलं नाही ते एका अक्षरात झालं असतं आणि त्या पोराच्या नावानं एकदा रडून झालं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मी म्हणालो, “न्हाय आक्का. आण्णा गेले.”

तिनं तांब्या खाली ठेवला आणि उंबऱ्यात बसली. कशानं गेले, विचारलं. झोपेत, म्हणालो. तरास झाला का, न्हाय झाला. मग ती रडली. पदर तोंडात धरून, सगळं अंग हलवून, आमच्याकडच्या बाया रडतात तशी, हेल काढून. “भला मानूस हुता गं बाई... किती तान्हेला आलता माझ्या दारात... बोलाया येईना त्येला...” भरमाची बायको आतून धावत आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. बराच वेळ चाललं. त्या रडण्यात आण्णा किती होते आणि दुसरं कोण होतं, हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही आणि आता लिहितानाही ठरवता येत नाही.

रडून झाल्यावर तिनं तोंड पुसलं, तांब्या उचलला आणि पुन्हा माझ्यापुढं धरला. “आण्णा त्येंच्या घरातनं गेलं,” ती म्हणाली. “ह्या घरातलं कोन गेल्यालं न्हाय. पी पानी.”

मी भरमाकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. पाणी हिंदकळत होतं, पण ती हात मागं घेईना. मी उंबऱ्याजवळ गेलो, तांब्या घेतला आणि प्यालो. तळाशी घोटभर ठेवावं म्हटलं होतं, तेही राहिलं नाही.

रिकामा तांब्या तिनं हातानं चाचपून बघितला. “म्हाईला ये,” ती म्हणाली. “आता तुलाच यायला पायजे.”